द्राक्षवेलीवरील पर्णविरळणी : उत्पादनवाढीच्या कल्पनेची शास्त्रीय चिकित्सा

प्रास्ताविक

वेलीवरची पाने कमी केली की घडाला अधिक अन्न मिळते, ही समजूत महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्यात दीर्घकाळ रूढ आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी व निफाड, सांगलीतील तासगाव व मिरज, पुण्यातील जुन्नर आणि सोलापूर या भागांत खरड छाटणीपासून काढणीपर्यंत पाने, बगलफुटी व शेंडे काढण्याचे काम या ना त्या स्वरूपात चालूच असते. या कामावर मजुरीचा मोठा खर्च होतो. त्याचा लाभही अनेक बागांत दिसतो आणि म्हणूनच ते टिकून आहे. मात्र लाभ होतो तो नेमका कशामुळे, याची चिकित्सा केली नाही तर लाभाचे काम कधी हानीचे झाले हे कळत नाही. एका बागेत ज्या कामाने घड सुधारला, त्याच कामाने शेजारच्या बागेत मणी भाजले किंवा पुढील हंगामात काड्या वांझ निघाल्या, असे अनुभव द्राक्ष बागायतदारांत सर्रास ऐकू येतात.

प्रस्तुत लेखात पर्णविरळणीमागील वनस्पतिशास्त्रीय तत्त्वांचे विवेचन केले असून, महाराष्ट्रातील दोन छाटण्यांच्या पद्धतीत ती तत्त्वे कशी लागू पडतात हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. पान काढल्याने वाचणारे अन्न हा या क्रियेचा खरा लाभ नसून पान काढल्याने मिळणारा प्रकाश व वारा हा तो लाभ आहे, आणि म्हणून किती पाने काढावीत यापेक्षा कोणती पाने व केव्हा काढावीत हाच प्रश्न महत्त्वाचा आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य होय.

पानाचे दुहेरी कार्य

पान हे वेलीचे अन्न तयार करणारे केंद्र आहे. त्याच वेळी ते आपल्याखालील पानावर सावली धरणारे छत्रही आहे. पर्णविरळणीचा सारा वाद या दोन कार्यांमधील विसंगतीतून उद्भवतो.

भर उन्हात वेलीच्या वरच्या थरावर प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त असा जो प्रकाश पडतो, त्याची तीव्रता प्रतिचौरस मीटर प्रतिसेकंद सुमारे २००० सूक्ष्ममोल असते. द्राक्षाचे एक पान त्यातील बहुतांश प्रकाश शोषून घेते किंवा परावर्तित करते आणि केवळ ६ टक्क्यांच्या आसपास प्रकाश खाली जाऊ देते. याचा अर्थ दुसऱ्या थरातील पानाला सुमारे १२० आणि तिसऱ्या थरातील पानाला अवघे ७ सूक्ष्ममोल प्रकाश मिळतो. द्राक्षाच्या पानाने तयार केलेले अन्न आणि श्वसनात खर्च केलेले अन्न सारखे होण्यासाठी साधारणपणे १५ ते ३० सूक्ष्ममोल प्रकाश आवश्यक असतो. तिसऱ्या थरातील पान या मर्यादेच्याही खाली राहते. दुसऱ्या टोकाला, साधारण ७०० ते १००० सूक्ष्ममोल प्रकाशानंतर पानाच्या कामाचा वेग फारसा वाढत नाही. म्हणजे वरच्या पानावर पडणारा निम्म्याहून अधिक प्रकाश त्याच्या उपयोगाचा नसतो आणि खालचे पान मात्र अंधारात असते.

वास्तवात पाने वाऱ्याने हलतात, त्यांच्यामधील फटींतून कवडसे पडतात, ढगाळ दिवशी विखुरलेला प्रकाश सर्व बाजूंनी आत शिरतो. त्यामुळे वरील आकडे बागेत जसेच्या तसे आढळणार नाहीत. तरीही त्यांतून निघणारा निष्कर्ष बदलत नाही. ऑस्ट्रेलियातील द्राक्षशास्त्रज्ञ रिचर्ड स्मार्ट यांनी याच आधारावर कॅनॉपीची तपासणी करण्याची पद्धत रूढ केली. मद्याच्या द्राक्षांसाठी त्यांनी पानांचे सरासरी थर १ ते १.५ आणि कॅनॉपीतील मोकळ्या फटी २० ते ४० टक्के असाव्यात असा मापदंड मांडला. महाराष्ट्रातील खाण्याच्या द्राक्षांना व येथील उन्हाला तो तंतोतंत लागू करता येणार नाही. परंतु पानांची संख्या न मोजता त्यांचे थर मोजावेत, ही त्यातील दृष्टी सर्वत्र उपयुक्त आहे.

'बांडगुळी पान' : एक गैरसमज

सावलीतील पान स्वतः अन्न तयार करत नाही, म्हणून ते इतर पानांनी तयार केलेले अन्न खाते आणि घडाच्या तोंडचा घास पळवते, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. हे स्पष्टीकरण सोपे आहे, परंतु वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर ते टिकत नाही.

कोवळे पान आरंभी निश्चितच वेलीकडून अन्न घेते. पूर्ण आकाराच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत वाढले की ते अन्न घेणे थांबवून अन्न पाठवू लागते. पूर्ण वाढ झाल्यानंतर, म्हणजे उमलल्यापासून सुमारे ४० दिवसांच्या सुमारास, त्याची कार्यक्षमता सर्वाधिक असते. पुढे ती हळूहळू उतरत जाते. एकदा पाठवणारे झालेले पान सामान्यतः पुन्हा घेणारे होत नाही, कारण या संक्रमणात अन्नवाहक ऊतींची रचना व कार्यच बदलते. जुने पान अंधारात गेले तर ते स्वतःचाच साठा खर्च करते, पिवळे पडते आणि गळण्यापूर्वी आपल्यातील नत्र व इतर काही अन्नद्रव्ये वेलीला परत करते. त्याला निष्क्रिय म्हणता येईल, बांडगूळ म्हणता येणार नाही.

या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. सावलीतील पान चोर आहे असे मानले की जितकी पाने काढावीत तितके चांगले, असा निष्कर्ष आपोआप निघतो. ते केवळ निष्क्रिय आहे असे मानले की ते काढून अन्नाची फारशी बचत होत नाही हे लक्षात येते, आणि मग पान काढण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. ते कारण म्हणजे घडाभोवती व डोळ्यांवर पोहोचणारा प्रकाश, ओलावा लवकर सुकविणारा वारा आणि फवारणीचे द्रावण घडापर्यंत जाण्याचा मार्ग. उलट कोवळ्या बगलफुटी व वाढता शेंडा हे खरोखरच अन्न ओढणारे भाग आहेत. त्यामुळे योग्य वेळी शेंडा मारल्याने घडाकडे जाणारा ओघ वाढतो, हे निरीक्षण बरोबर आहे. बागायतदाराच्या अनुभवातील तथ्य शेंड्याबाबतचे आहे. ते जुन्या पानाला चिकटविले गेले, एवढेच.

पानांचा हिशेब

घड पोसण्यासाठी किती पाने लागतात, या प्रश्नाचा विचार पानांच्या क्षेत्रफळाच्या आधारे करावा लागतो. कॅलिफोर्नियातील क्लीवर आणि डोकूझलियन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनानुसार, एकसंध कॅनॉपीच्या पद्धतीत एक किलो द्राक्षे पूर्ण पक्व होण्यासाठी ०.८ ते १.२ चौरस मीटर पर्णक्षेत्र लागते. कॅनॉपी विभागून पसरविली असेल तर ०.५ ते ०.८ चौरस मीटर पुरते. दोहोंतील फरक पुन्हा प्रकाशाचाच आहे. पाने पसरलेली असतील तर कमी पानांत तेवढेच काम होते.

उदाहरणादाखल ४०० ग्रॅमचा एक घड आणि १५० चौरस सेंटिमीटरचे एक पान गृहीत धरू. वाय पद्धतीसारख्या विभागलेल्या मांडणीत या घडाला २००० ते ३२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण १३ ते २१ पाने लागतील. महाराष्ट्रात एका घडामागे १५-१६ पाने राखण्याचा जो ठोकताळा रूढ आहे, तो या हिशेबाशी जुळतो. आता १६ पानांच्या काडीवरील ४ पाने काढली, तर पर्णक्षेत्र २४०० वरून १८०० चौरस सेंटिमीटरवर येते, म्हणजे किमान मर्यादेखाली जाते. काढलेली पाने जर बुडाजवळची, जुनी व तिसऱ्या थरातील असतील तर प्रत्यक्ष घट नगण्य असेल. तीच चार पाने उन्हातील, पूर्ण वाढलेली असतील तर घड अपुरा पोसला जाईल. संख्या दोन्ही वेळी चारच आहे. 'चार पाने काढा' ही सूचना म्हणूनच अपुरी ठरते.

वेल अशा हानीची काही अंशी भरपाईही करते. कँडॉल्फी-वास्कॉन्सेलोस आणि कोब्लेट यांनी स्वित्झर्लंडमध्ये पिनो न्वार या जातीवर केलेल्या व १९९०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, पाने काढल्यानंतर उरलेल्या पानांचा प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढतो आणि बगलफुटींची पाने उणीव भरून काढण्यास मदत करतात, असे दिसून आले. परंतु त्याच अभ्यासांत दुसरी बाजूही समोर आली. घड पोसण्यासाठी वेल आपल्या खोडा-काड्यांतील साठा वापरते आणि त्याची किंमत डोळ्यांच्या फलनक्षमतेत मोजावी लागते. यंदाचा घड चांगला दिसला म्हणून यंदाची विरळणी योग्य होती, असे म्हणता येत नाही ते याच कारणाने.

कालाचे महत्त्व

समशीतोष्ण प्रदेशात द्राक्षवेल हिवाळ्यात विश्रांती घेते. महाराष्ट्रातील उष्ण हवामानात तिला तशी विश्रांती मिळत नाही. त्यामुळे येथे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून एक पीक घेतले जाते. पहिल्या छाटणीनंतर काडी तयार होते, दुसरीनंतर फळ येते. पर्णविरळणीचा अर्थ या दोन पर्वांत भिन्न आहे.

खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांत सूक्ष्मघडनिर्मिती होते. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत दिसणाऱ्या घडांची संख्या मे-जूनमध्येच निश्चित होत असते. सावलीत वाढलेल्या डोळ्यांची फलनक्षमता घटते, हे सुलताना या जातीवरील ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत १९६३ मध्येच नोंदविले गेले आहे. सुलताना म्हणजेच आपल्याकडील थॉमसन सीडलेस. तास-ए-गणेश व सोनाका या जाती तिच्यातूनच निवडलेल्या आहेत. या काळातच आभाळ भरून येऊ लागते, म्हणून गर्दीच्या काड्या व बगलफुटी वेळेवर काढून डोळ्यांवर प्रकाश येऊ देणे हे या पर्वातील सर्वांत मोलाचे काम ठरते. येथे विरळणीने उत्पादन खऱ्या अर्थाने वाढू शकते, परंतु ते त्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही.

जुलै ते सप्टेंबर या काळात चित्र पालटते. आता काडीत पिष्टमय पदार्थांचा साठा होत असतो आणि त्यासाठी निरोगी पाने टिकणे आवश्यक असते. गोडी छाटणीनंतर फुटणारी कोवळी फूट पहिले काही आठवडे याच साठ्यावर जगते. केवडा, करपा किंवा तांबेरा यांमुळे, अथवा हाताने, पाने लवकर गेली तर काडी कच्ची राहते आणि फुटीबरोबर निघालेले घड जिरण्याचा धोका वाढतो. छाटणीपूर्वी सुमारे दोन आठवडे मुद्दाम केली जाणारी पानगळ ही याहून वेगळी गोष्ट होय. तेव्हा साठा पूर्ण झालेला असतो आणि डोळे एकसारखे फुगावेत हा तिचा हेतू असतो.

फळाच्या पर्वात फुलोऱ्यापूर्वीचा काळ सर्वांत नाजूक असतो. इटलीतील स्तेफानो पोनी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, फुलोऱ्यापूर्वी बुडाजवळची पाने काढल्यास मणी कमी धरतात, घड मोकळा होतो आणि उत्पादन घटते, असे दाखविले. मद्याच्या द्राक्षांत तोच हेतू असल्याने तेथे या पद्धतीचे स्वागत झाले. उत्पादन घटविण्यासाठी जी क्रिया एका ठिकाणी शिफारसयोग्य ठरते, तीच उत्पादन वाढविण्यासाठी दुसरीकडे केली जाते, ही बाब पुरेशी बोलकी आहे. खाण्याच्या द्राक्षांत मण्याचा आकार महत्त्वाचा असतो. मणी धरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्यातील पेशींची संख्या ठरते. त्या काळात अन्नपुरवठा तोडणे कोणत्याही परिस्थितीत परवडणारे नाही.

मणी स्थिरावल्यानंतर घडाच्या आसपासची जुनी, एकमेकांवर आलेली व घडाला घासणारी मोजकी पाने काढणे मात्र लाभाचे असते. वरची तरुण पाने तोवर काम सांभाळू लागलेली असतात. कॅलिफोर्नियात गब्लर व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये घडाजवळील पाने काढल्याने घडकुजीचे प्रमाण कमी होते असे दाखवून दिले. भुरीलाही दाट सावली मानवते. घड मोकळा राहिला तर फवारणी कमी वेळा व अधिक परिणामकारक होते. येथे लाभ होतो तो वजनात नव्हे, तर विक्रीयोग्य मालाच्या प्रमाणात.

अतिरेकाची हानी

सावलीला अवगुण मानताना तिचा गुण विसरला जातो. थेट उन्हातील मण्याचे तापमान हवेपेक्षा कित्येक अंशांनी, प्रसंगी १० अंश सेल्सिअसहूनही अधिक चढू शकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक-सोलापूरकडील दुपारी असा मणी भाजतो, तपकिरी पडतो. बागायतदार त्याला उकड्या म्हणतात. सावलीत वाढलेला मणी अचानक उन्हात आणल्यास हानी अधिक होते. दक्षिणोत्तर ओळींत पश्चिमेच्या बाजूला दुपारचे, म्हणजे हवा सर्वाधिक तापलेल्या वेळचे ऊन लागते. म्हणून पाने काढावयाची असल्यास ती पूर्वेच्या बाजूने काढणे श्रेयस्कर असते. थंडीत उन्हाला उघडे पडलेले हिरव्या जातीचे मणी गुलाबी होण्याची समस्याही नाशिक भागात आढळते. ती टाळण्यासाठी घड कागदाने झाकावे लागतात. पाने काढण्यासाठी एकदा आणि त्यांची सावली कागदाने परत आणण्यासाठी पुन्हा, अशी दुहेरी मजुरी तेव्हा पडते.

लक्षण आणि कारण

कॅनॉपी वारंवार दाट होत असेल तर तो दोष पानांचा नसतो. नत्र व पाणी गरजेपेक्षा अधिक दिले गेले, डॉगरीजसारखा जोमदार खुंट भारी जमिनीत वापरला गेला किंवा काड्यांची संख्या सुरुवातीलाच मर्यादित ठेवली नाही, तर पाने काढत राहणे म्हणजे नळ उघडा ठेवून पाणी उपसत राहणे होय.

वाढीचा हा जोम रसायनांनी आवरण्याचा मार्गही वापरला गेला आहे. वाढनिरोधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत सीसीसीचे, मर्यादेपेक्षा अधिक अवशेष २०१०च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत आढळले. अनेक खेपा नाकारल्या गेल्या आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारांनाही त्याची मोठी झळ बसली. फळावर थेट न वापरलेले द्रव्यही वेलीत टिकून फळात उतरू शकते, हा त्या घटनेचा धडा होय. त्या तुलनेत हाताने केलेली विवेकी विरळणी निश्चितच निर्धोक आहे. मात्र खत, पाणी व काड्यांची संख्या यांचे नियोजन हेच मूळ कारणावरील उपाय आहेत.

काम करणारे हात

शास्त्रीय शिफारस कितीही अचूक असली तरी ती अमलात येते ती मजुरांच्या, विशेषतः स्त्रियांच्या हातांनी. नाशिकच्या बागांत पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून येणारी आदिवासी कुटुंबे हंगामभर ही कामे करतात. मांडवाखाली मान वर करून दिवसभर केलेल्या या कामाची गणना पुष्कळदा अकुशल श्रमात होते. वस्तुतः प्रत्येक पानापाशी एक निर्णय असतो : पान कोणत्या थरात आहे, किती जुने आहे, घडाच्या कोणत्या बाजूला आहे. एकरावर ठरणारी मजुरी वेगाला प्रोत्साहन देते. वेगात हाती येणारे पान हे बहुधा बाहेरचे, उन्हातील, म्हणजे न काढावयाचे पान असते. कृषी विस्ताराचे प्रशिक्षण बागमालकापाशी न थांबता या हातांपर्यंत पोहोचणे म्हणूनच अगत्याचे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. पर्णविरळणीचा लाभ प्रामुख्याने प्रकाश, वारा व फवारणीच्या मार्गाने होतो. अन्नाच्या बचतीमुळे नव्हे.

२. खरड छाटणीनंतरच्या सूक्ष्मघडनिर्मितीच्या काळातील विरळणी उत्पादनवाढीच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाची आहे. फळाच्या पर्वातील विरळणी मुख्यतः मालाची प्रत व आरोग्य सुधारते.

३. फुलोऱ्याच्या सुमारास उन्हातील पाने काढणे, तसेच काडी पक्व होण्यापूर्वी पाने गमावणे, उत्पादनास मारक ठरते.

४. एका घडामागील पुरेसे पर्णक्षेत्र ही मर्यादा ओलांडू नये. संख्येपेक्षा पानाचे वय, थर व दिशा पाहावी.

५. विरळणीचे मूल्यमापन एका हंगामावर न करता पुढील वर्षीच्या काडीवरही करावे.

महाविद्यालयीन स्तरावर प्रकाशसंश्लेषण हा विषय बहुधा सूत्रांपुरता शिकविला जातो. द्राक्षपट्ट्यातील महाविद्यालयांना त्याची प्रयोगशाळा दाराशीच उपलब्ध आहे. कॅनॉपीत दुपारी प्रकाशमापक धरून थर मोजणे, काढलेल्या व राखलेल्या पानांच्या काड्या पुढील हंगामापर्यंत अभ्यासणे, असे साधे प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील. त्यांतून मिळणारी स्थानिक जातींची व स्थानिक उन्हातील आकडेवारी परदेशी मापदंडांपेक्षा येथील बागायतदाराला अधिक उपयोगी पडेल.